शिल्पग्राम, उदयपूर : झोपड्या बघायच्या की माणसं?

उनाडपाखरू

उदयपूरला गेलेली मराठी मंडळी सिटी पॅलेस बघतात, पिछोल्यात बोटीतून फिरतात, संध्याकाळी बागोर की हवेलीत घूमर आणि डोक्यावर मडक्यांची चळत घेऊन केलेला भवाई नाच बघतात आणि दुसऱ्या दिवशी नाथद्वाऱ्याची गाडी धरतात. फतेहसागरच्या मागे हवाला गावात शिल्पग्राम आहे हे बहुतेकांना रिक्षावाल्याकडून कळतं. मग तिथे तासभर जातो, मुलं उंटावर बसतात आणि 'झोपड्या होत्या, बघितल्या' एवढाच शेरा घरी येतो. त्या झोपड्यांत आपलीही घरं आहेत, म्हणून हा धागा.

जागा पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची. या केंद्राकडे राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि शेजारचे दमण-दीव, दादरा-नगर हवेली असा मुलूख येतो, आणि त्याचं मुख्य ऑफिस बागोरच्या हवेलीतच आहे. अरवलीच्या पायथ्याशी ७० एकर जमीन घेऊन १९८९ मध्ये हे गाव उघडलं. एकेका राज्याची घरं एकेका बाजूला, मधून मातीच्या वाटा. मेवाडच्या कुंभाराचं घर, वाळवंटातल्या विणकराचं घर, भिल्ल आणि सहारिया शेतकऱ्यांची घरं. गुजरातच्या बाजूला कच्छच्या बन्नीतले भुंगे (मातीची गोल घरं), भुजोडीच्या विणकरांची घरं, छोटा उदेपूरकडचे राठवा, डांगी आणि गांधीनगरजवळच्या पेथापूरची कोरीव लाकडी हवेली. पेथापूर म्हणजे कापडावर छपाई करायचे सागवानी ठसे कोरणाऱ्यांचं गाव. कोरणारा हात दाराच्या चौकटीवर कसा चालतो ते त्या हवेलीत दिसतं. महाराष्ट्राच्या बाजूला कोल्हापूरच्या पायताणवाल्याचं, वारल्यांचं आणि गोंड-माडियांचं घर.

माझा सगळ्यात जास्त वेळ भुंग्यात गेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत शिरल्यावर अंगावरचा घाम सुकला. भिंत जाड मातीची, खिडक्या लहान आणि खाली, वर शंकूसारखं गवताचं छप्पर. आतून लिंपणकाम, म्हणजे माती आणि शेण कालवून उठवलेली नक्षी आणि तिच्यात बसवलेले आरशाचे तुकडे. घरात एक दिवा लावला की ते सगळे तुकडे उजेड परतवतात, त्यामुळे ही नुसती हौस नाही. गोल भिंतीला कोपरा नसतो, म्हणून वादळाचा आणि धरणीकंपाचा जोर एका जागी साठत नाही. २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये सिमेंटची घरं पडली आणि नीट बांधलेले पुष्कळ भुंगे उभे राहिले, हे तेव्हा पाहणी करायला गेलेल्या इंजिनिअरांनीच लिहून ठेवलंय. हे एवढं माहीत असलं की 'झोपडी' म्हणायला जीभ रेटत नाही.

कारागीर आळीपाळीने बोलावले जातात. त्यामुळे आज चाकावर कोण बसलंय आणि मागावर कोण, हे नशिबावर. मला उत्तर गुजरातच्या लांबडियाकडची मातीची घोडी करणारे भेटले. पोशिन्याच्या बाजूला आदिवासी नवस फेडायला असली घोडी देवाच्या जागी नेऊन ठेवतात, रांगाच्या रांगा असतात. इथे तीच घोडी गिऱ्हाईक 'ड्रॉईंगरूमला बरी दिसेल का' म्हणत उलटीपालटी करून बघत होतं. करणाऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं. त्यावर तुमचं मत हवंय.

---

खडीसाखर

छान लिहिलंय. फोटो कुठायत? आणि दोन लहान मुलं घेऊन जायचं तर किती वेळ धरावा? डिसेंबरात जायचा विचार आहे.

---

उनाडपाखरू

फोटो रात्री चढवते. डिसेंबरात जात असाल तर २१ ते ३० ला शिल्पग्राम उत्सव असतो, दहा दिवस, सगळ्या देशातून कारागीर आणि लोककलावंत येतात. गर्दीही तशीच. मुलांना मजा येईल, पण कारागिराशी गप्पा मारायच्या असतील तर उत्सव सोडून कुठल्याही साध्या दिवशी जा. रात्री थंडी कडक असते, कानटोप्या घ्या.

---

रंकाळ्याचं_वारं

आमच्या कोल्हापूरच्या पायताणवाल्याचं घर तिथं हाय हे वाचून बरं वाटलं. पण मला एक सांगा, तिथं बसून तो नेमकं काय दाखवतो? पायताण हे काही तासाभरात दाखवायचं काम नव्हं. म्हशीचं कातडं आधी चुन्यात, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात दिवस न् दिवस मुरवायचं. त्या पाण्याचा वास पर्यटकाला सोसणार हाय का? खरं काम तिथंच असतंय. नंतर तळ कापणं, ठोकणं, कातडी वादीनंच शिवणं, खिळा कुठं लागत नाही. वेणी घालायचं काम घरातल्या बायकांचं, ते त्यांच्यासारखं पुरुषाला जमत नाही. प्रदर्शनात मात्र बसतो गडी, हातात हातोडी घेऊन.

२०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. २०२५ ला इटलीच्या त्या मोठ्या प्राडा कंपनीनं मिलानला तसल्याच चपला मॉडेलच्या पायात घालून फिरवल्या, नावगाव काही सांगितलं नाही, तेव्हा अख्ख्या देशाला कोल्हापूर आठवलं. त्याच्या आधी दुकानात येऊन 'साडेतीनशेला द्या की' म्हणणारे हेच लोक.

आणि गाव बघायचंच तर कणेरी मठावर या. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम हाय, बारा बलुतेदार, खळं, मोट, आड, सगळं शिल्पांतून उभं केलंय. इतकं हुबेहूब की पोरं पुतळ्याशी बोलायला जात्यात.

---

उनाडपाखरू

कणेरी पाहिलंय, सुंदर काम आहे. पण तिथला कुंभार कधी जेवायला उठत नाही. :)
कातडं कमावण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. अशा जागी कामाचा शेवटचा, स्वच्छ आणि फोटोजोगा टप्पाच दिसतो. मागावर बसलेला विणकर दिसतो. ताणा भरायचं दिवसभराचं, अख्ख्या घराला कामाला लावणारं काम दिसत नाही.

---

कारवीचा_कूड

डहाणूकडची आहे. वारली घराबद्दल लिहिते.

वारली चित्र म्हणजे तारपा नाचाचा गोल फेर, हे आता पडद्यांपासून मोबाईलच्या कव्हरापर्यंत सगळीकडे पोचलंय. मूळ चित्र होतं ते लग्नाचं. सवाशिणी घरातल्या भिंतीवर चौक लिहायच्या, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गाणी म्हणून देवाला त्यात बोलवायच्या. भिंत कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणामातीने लिंपून गेरूचा हात दिलेली. रंग एकच, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून. बांबूची काडी चावून टोक मऊ केलं की झाला कुंचला. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपायचं. पुढच्या सारवणात गेलं तरी कुणाला हळहळ नव्हती.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाबाहेर काढलं. रोजचं जगणं, गोष्टी, मासे धरणारी जाळी, मुंग्यांच्या रांगा. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. यात एक उलटापालट झाली, ती कुणी फारशी बोलत नाही. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या आणि कागदावर नाव पुरुषांचं झालं. आता मुलीही करतात, चांगलं करतात, पण मधली काही वर्षं तशी गेलीच.

संग्रहालयातल्या वारली घरात मला चित्रापेक्षा कूड बघायला आवडतो. कारवी कापायची कधी, किती दिवस वाळवायची, लिंपताना माती कुठली, हे माहीत असणारी माणसं आमच्या पाड्यावरसुद्धा कमी होत चाललीत, कारण घरकुल योजनेत सिमेंटचं घर मिळतं. त्यात वाईट काही नाही, पावसात गळत नाही, साप येत नाही. मीही सिमेंटच्याच घरात राहते. पण मग कुडाचं घर दरवर्षी नव्याने लिंपायला जो माणूस बोलावला जातो, तो खरा कारागीर. त्याला कुणी स्टॉल देत नाही.

---

खडीसाखर

वर्षातून एकदा लिंपावं लागतं? हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे १९८९ पासूनची घरं तशीच्या तशी नाहीत तर.

---

कारवीचा_कूड

मातीचं घर पावसाळ्यानंतर हात फिरवून मागतंच. गवताचं छप्परही काही वर्षांनी उतरवून नवं घालायचं. तसं केलं नाही तर पाच-सहा वर्षांत ढिगारा. त्यामुळे असं गाव चालवायचं म्हणजे घरं बांधता येणारी माणसं सांभाळायची. उदयपूरच्या माळावर कोकणातली कारवी उगवत नाही, हेही आहेच.

---

इरकलपदर

चेन्नईत राहते. इथे मुट्टुकाडूला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर ईस्ट कोस्ट रोडला दक्षिणचित्र आहे. त्यांनी वेगळा मार्ग घेतला. नवी घरं 'तशी' बांधण्याऐवजी पाडायला निघालेली खरी जुनी घरं विकत घेतली, तुळया-खांब-दारांवर खुणा करून सुटी केली आणि इथे आणून परत जोडली. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर, केरळच्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचं लाकडी घर, अग्रहारातलं घर. डेबोरा त्यागराजन या मूळच्या अमेरिकन बाईंनी मद्रास क्राफ्ट फाउंडेशनतर्फे हे उभं केलं, आराखड्यात लॉरी बेकर होते, आणि १९९६ च्या डिसेंबरात लोकांसाठी उघडलं. सरकारी नाही, संस्थेचं आहे.

माझ्या जिव्हाळ्याची जागा तिथलं इलकलच्या विणकराचं घर. माझ्या आजीने जन्मभर इरकली लुगडंच नेसलं, खणाची चोळी गुळेदगुड्डची. ते लुगडं ज्या घरात विणलं जातं ते घर मी सोलापूर-विजापूर पट्ट्यात वाढूनही पहिल्यांदा पाहिलं ते चेन्नईत. माग जमिनीतल्या खड्ड्यात, विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खाली पट्ट्यांवर सोडतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि ते धाग्यांच्या फासांनी एकमेकांत अडकवून जोडतात, कोंडी म्हणतात. पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढरी टोपतेनी नक्षी. ती जोडाची रेघ आजीच्या लुगड्यावर मी लहानपणी बोटाने चाचपत असे.

घोड्याच्या प्रश्नावर : मला त्यात काही गैर वाटत नाही. देवासाठी घोडा घेणारे गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. ड्रॉईंगरूमवालं बारा महिने.

---

फटकळ

सगळ्यांचं फार गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ.

मला या जागा बघवत नाहीत. घामाघूम झालेला माणूस सतरंजीवर बसलाय, समोरून शंभर लोक मोबाईल धरून जातायत, कुणी विचारतंय 'ये कितने दिन में बनता है', तो दिवसभरात तेच उत्तर देतोय. हे माणसांचं प्रदर्शन नाही तर काय? गावातल्या कुंभाराला मातीसाठी तलाठ्यापासून सगळ्यांच्या पाया पडावं लागतं, त्याच्या भट्टीच्या धुरावर शेजारी तक्रार करतात. त्याच कुंभाराला इथे फेटा बांधून बसवायचं आणि 'आपली समृद्ध परंपरा' म्हणायचं. परंपरा समृद्ध, कुंभार मात्र मानधनावर.

आणि स्टॉल! एका मोठ्या मेळ्यात (नाव घेत नाही) मी 'हातमाग' म्हणून घेतलेली शाल घरी येऊन बघितली तर यंत्रमागाची. विणणारा म्हणून शेजारी बसवलेला माणूस खरा होता, माल त्याचा नव्हता.

---

रंकाळ्याचं_वारं

फटकळराव, शालीचं पटलं. पण फेट्याचं नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा असल्याच एका मेळ्याला गेला, तिथं एका परदेशी बाईनं मोजमाप देऊन जोड सांगितला, आता दरवर्षी चार-पाच ऑर्डरी पोस्टानं जात्यात. बापाला बाजारात व्यापारी जो दर देईल तो घ्यावा लागायचा. पोराला गिऱ्हाईकाचं तोंड तरी दिसलं. लाज वाटत असली तर ती बघणाऱ्याला वाटते, बसणाऱ्याला आधी पोट असतंय.

---

तळकोकणी

हो, पण फटकळ म्हणतायत त्यात तथ्य आहे. कोण कोणाला बसवतंय हाच प्रश्न.

कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांचा खेळ. सावंतवाडी संस्थानाने पूर्वी कुठल्या देवळात कुणी खेळ करायचा हे ठरवून दिलं होतं, नवरात्रात वगैरे. संस्थानं गेली, आश्रय आटला. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे तुम्ही त्यांच्या अंगणात पाहुणे. खेळ त्यांच्या पद्धतीने, गोष्ट त्यांनी ठरवलेली, पैसे त्यांच्या हातात. पोथीतली जुनी चित्रं आणि शेजारी घरातल्या पोरांनी काल काढलेली. सत्तर एकर लागत नाहीत, गोठाही पुरतो.

अर्थात प्रत्येक कारागिराकडे गोठा रिकामा नसतो आणि चार तास बोलायची हौसही नसते. ज्याला नुसतं काम करायचंय त्याच्यासाठी शिल्पग्रामसारखी जागा बरी.

---

बर्फातला_भाकरतुकडा

स्टॉकहोममधून. हा सगळा प्रकार जिथून सुरू झाला ते स्कान्सेन माझ्या घरापासून ट्रामने जवळ आहे. आर्थर हाझेलियस या गृहस्थांनी १८९१ मध्ये उघडलं. स्वीडनमध्ये कारखाने वाढले, शेतकरी गावं सोडून निघाले, तेव्हा वेगवेगळ्या प्रांतांतली घरं उचलून एका टेकडीवर आणली. इथे काच फुंकणारे, पाव भाजणारे आहेत, जुन्या वेषात. फरक असा की हे सगळे पगारी नोकर. त्या घरातलं जगणं शंभर वर्षांपूर्वीच संपलं, त्यामुळे त्यात कुणाचीच ओढाताण नाही. संध्याकाळी वेष काढून सगळे आपापल्या फ्लॅटमध्ये. आपल्याकडे वेष काढला तरी माणूस कुंभारच उरतो, म्हणून फटकळ यांना टोचतं ते मला समजतं.

---

अंबाझरीचा_बगळा

भोपाळचं मानव संग्रहालय कुणीच काढलं नाही अजून? श्यामला टेकड्यांवर दोनशे एकर आहे, खाली मोठा तलाव. तिथली आदिवासी घरं त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधली. आवारातच प्रागैतिहासिक चित्रं असलेले खडक आहेत, म्हणजे फुकटात बोनस. चालून पाय तुटतात, पाणी आणि टोपी घेऊन जा.

शिल्पग्राममध्ये आमच्या पूर्व विदर्भातल्या गोंड-माडियांचं घरही आहे. बघणारे थांबत नाहीत, कारण भिंतीवर चित्र नाही, आरसे नाहीत. बांबू, माती, गवत, बस. पण भामरागडकडे गेलेल्या माणसाने जरा थांबून बघावं. घराचं कुंपण कसं विणलंय ते बघा, त्यातच सगळी कारागिरी आहे भाऊ.

---

उनाडपाखरू

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या लेखापेक्षा चांगला झाला.

फटकळ, तुमच्या मिठावर एक सांगते. उदयपूरहून मी मोलेलाला गेले, नाथद्वाऱ्याच्या बाजूला, हळदीघाटीजवळ. तिथले कुंभार देवांच्या मातीच्या फरश्या करतात, उठावदार, आतून पोकळ. मातीत गाढवाची लीद मिसळतात, म्हणजे वाळताना आणि भाजताना तडकत नाही. नाग, धर्मराज, देवीची रूपं. भिल्ल आणि गरासिया गावांतून माणसं भोप्याला (पुजाऱ्याला) घेऊन येतात, देव निवडतात, वाजतगाजत आपल्या देवऱ्यात, म्हणजे देवस्थानात, नेऊन बसवतात. आणि त्याच अंगणात हॉटेलच्या भिंतीसाठी मोठमोठे देखावे वाळत पडलेले, त्यात बैलगाडी, विहीर, शाळा, सगळं.

मी विचारलं, दोन्हींत फरक काय करता? म्हणाले, देवाच्या फरशीला गिऱ्हाईक चूक काढतं, हॉटेलवाला काढत नाही. त्यांना पहिलं गिऱ्हाईक जास्त आवडत होतं, पैसे दुसऱ्याकडून जास्त येत होते. घोड्याबद्दल मला जे वाटत होतं त्याला इरकलपदर यांनी अर्धं उत्तर दिलंय. उरलेलं अर्धं असं, की चूक काढणारं गिऱ्हाईक संपलं तर दहा वर्षांनी घोड्याचे कान कसेही असतील आणि ते ड्रॉईंगरूममध्ये कुणाला कळणार नाही.

---

फटकळ

हे बरोबर बोललात. म्हणजे आपणच चूक काढायला शिकायचं?

---

इरकलपदर

शिका की. शालीची किनार उलटी करून बघा, हातमागाच्या कापडाला काठाशी बारीक भोकं असतात, कापड ताणून धरायला टोकदार पट्टी लावतात त्याची. हातमागाचा शिक्का बघा. आणि विणणाऱ्याला त्याच्या मालाबद्दल दोन प्रश्न विचारा, पाठ केलेलं उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक ऐकू येतो.

---

खडीसाखर

आणि घासाघीस करावी का? नवरा म्हणतो मेळ्यात भाव वाढवूनच सांगतात.

---

रंकाळ्याचं_वारं

वहिनी, कारागीर स्वतः बसला असंल तर करू नका. व्यापारी असंल तर मनसोक्त करा. कोण हाय ते ओळखायचं कसं, तर हात बघा. चांभाराच्या अंगठ्याला आरीच्या खुणा असत्यात, कुंभाराची नखं कधी पांढरी नसत्यात.

---

तळकोकणी

दिल्लीला प्रगती मैदानाशी क्राफ्ट्स म्युझियम आहे, चार्ल्स कोरियांच्या आराखड्याचं. तिथलं ग्रामसंकुल मुळात १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी तात्पुरतं उभारलेलं, ते टिकून राहिलं. दिल्लीला कामाने जाणाऱ्यांनी एक दुपार काढावी.

---

खडीसाखर

२३ डिसेंबरचं बांद्र्याहून तिकीट काढलं. दोन दिवस शिल्पग्राम, एक दिवस मोलेला. मोलेलाला जायला नाथद्वाऱ्याहून रिक्षा मिळते का, की उदयपूरहूनच गाडी करावी?

---

उनाडपाखरू

उदयपूरहूनच गाडी करा, साधारण पन्नास किलोमीटर आहे. एकाच फेरीत हळदीघाटी आणि नाथद्वारा होतं. नाथद्वाऱ्यात पिछवाई (देवामागे लावायचा चित्रांचा पडदा) रंगवणाऱ्यांची गल्ली चुकवू नका. मातीची फरशी घेतलीत तर गाडीत सामानाखाली ठेवू नका, मांडीवर धरा. फोटो वर चढवलेत.